वाढप्याला एकूण विचारू नये

डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात उत्तर मिळत नाही, माणूस मिळतो. तुम्ही ‘सिलेक्ट’पासून सुरू होणारी क्वेरी ऐटीत लिहिता, ती चालवता, आणि हाती जे लागतं ती ग्राहकांची यादी नसतेच. यादी आणून देण्याचं कबूल केलेला एक इसम तेवढा समोर येऊन उभा राहतो. जावावाले त्याला रिझल्टसेट म्हणतात, पायथनवाले कर्सर म्हणतात आणि पुस्तकं लिहिणारे इटरेटर म्हणतात. हुद्दा काहीही असो, त्याला येणारं काम एकच. ‘पुढची’ म्हटलं की तो पुढची ओळ आणून देतो. ‘मागची’ म्हटलं तर बहुतेक वेळा ऐकूच न आल्यासारखं करतो.

या इसमाला मी ओळखतो. बुफेची साथ येण्याआधीच्या लग्नांत तो पंगतीत वाढायचा. खांद्यावर पंचा, हातात जिलबीची परात. तुम्ही मान हलवलीत की एक जिलबी पानात. ती संपवून पुन्हा मान हलवलीत की आणखी एक. आत मुदपाकखान्यात आचारी काय करतोय, कढईत किती आहेत, पाक पुरणार आहे का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. परातीत आहे तोवर वाढायचं, परात रिकामी झाली की आत जायचं, आतही मिळाली नाही की हात पालथे करायचे. इटरेटरचा सगळा सिद्धान्त एवढाच. तरी त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं लिहावी लागतात, आणि त्यात वाढप्याचा काही दोष नाही. जेवणारे विचित्र असतात.

एक फरक मात्र आहे. आपल्याकडचा वाढपी आग्रह करतो. ‘घ्या हो, एकच’ म्हणत चार टाकून जातो. इटरेटर मागितल्याशिवाय देत नाही, आणि मागितल्यावर एकीच्या जागी दोन देत नाही. वधूपित्याने बाजूला घेऊन बजावल्यासारखा वागतो.

जावात हा इसम हजर होतो तेव्हा पहिल्या ओळीवर नसतो, तिच्या अलीकडे उभा असतो. तुम्ही अजून ‘नेक्स्ट’ म्हटलेलं नसतं, म्हणजे पानात काही पडलेलं नसतं. दर पावसाळ्यात कंपनीत नवी पोरं भरती होतात आणि त्यांतलं कोणीतरी क्वेरी चालवून थेट नाव मागतं.

‘सर, डेटा आहे, पण एरर येतेय.’

‘नेक्स्ट म्हटलंस का?’

‘पण मला पहिलीच हवीये ना? पुढची कशाला मागू?’

तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. पहिली मिळवायलाही पुढची मागावी लागते, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलेलं नसतं. त्यातच जावात अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून आणि रिझल्टसेटमधल्या रकान्यांची एकपासून. बरं, आकडा मागितला आणि रकाना रिकामा निघाला तर हा इसम निर्विकारपणे शून्य देतो. मग तुम्ही पुन्हा विचारायचं, ‘आत्ता दिलेलं शून्य हे खरंच शून्य होतं, की तिथे काहीच नव्हतं?’ त्या चौकशीसाठी ‘वॉजनल’ नावाची वेगळी खिडकी आहे. शिल्लक शून्य असणं आणि शिल्लक किती ते माहीतच नसणं, यातला फरक महिनाअखेरीला आपल्याला कळत नाही. बँकेला कळावा लागतो.

पीएचपीत याहून मजेदार प्रकार होता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकच मंत्र चालत आला: ‘व्हाइल’च्या कंसात एक बरोबरचं चिन्ह, त्याच्या डावीकडे रो, उजवीकडे फेच. म्हणजे ओळ आण, ‘रो’मध्ये ठेव, आणि आणलेलं काही असेल तोवर फिरत राहा. आता कुठल्याही शिकवणीत पहिल्याच आठवड्यात ठणकावून सांगतात की अटीत एक बरोबरचं चिन्ह लिहिणं हे पाप, दोन हवीत. मग एखादा सुसंस्कारित मुलगा जुना कोड उघडतो, ते एकटं चिन्ह पाहून हळहळतो आणि त्याला जोडीदार देतो. परिणाम पाहण्यासारखा. आता ‘रो’ कायमच रिकामी राहते आणि आणलेल्या ओळीशी तिची नुसती तुलना होते. टेबलात डेटा असेल तर रिकामी आणि भरलेली जुळत नाहीत, म्हणून लूप एकदाही फिरत नाही. टेबल मोकळं असेल तर ‘काही नाही’ आणि ‘काही नाही’ जुळतं, आणि लूप अनंतकाळ फिरत बसतो. काम असताना हलायचं नाही आणि नसताना क्षणाची उसंत घ्यायची नाही, हे आपण कार्यालयांत पाहिलेलं असतं. एका जादा चिन्हात ते बसवता येतं हे पीएचपीने दाखवून दिलं.

या एकेक ओळीच्या धंद्याला इतिहास आहे, आणि त्यात भांडणही आहे. १९७३ साली चार्ल्स बाकमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या भाषणाचं सूत्र असं की प्रोग्रामर हा नावाडी आहे: त्याने डेटाच्या समुद्रात या नोंदीवरून त्या नोंदीवर, खुणा बघत बघत जायचं. याच्या तीन वर्षं आधी, १९७० मध्ये, आयबीएमच्या एडगर कॉड यांनी नेमकं उलटं मांडलं होतं. काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते विचारू नका, आणि उत्तर म्हणून ओळींचा संचच्या संच घ्या. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे दोन्ही पक्षांचा जाहीर सामना झाला. पुढे काळाने कौल कॉड यांच्या बाजूने दिला. संच जिंकले, नावाडी हरला.

आणि जिंकल्यानंतर लगेच लक्षात आलं की संच घेऊन करायचं काय? कोबोलला संच गिळता येत नव्हता, त्याला एका वेळी एकच नोंद लागे. म्हणून एसक्यूएलच्या दाराशी कर्सर नेमण्यात आला: जाहीर करा, उघडा, फेच करा, फेच करा, फेच करा, बंद करा. वाजतगाजत निवृत्त केलेल्या नावाड्याला मागच्या दाराने कंत्राटावर परत घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. तो अजून कामावर आहे. पेन्शनचं कोणी काढत नाही.

साधारण त्याच दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे सहकारी सीएलयू नावाची भाषा घडवत होते. ‘यील्ड’ म्हणून एक गोष्ट दे आणि तिथेच थिजून उभा राहा, पुन्हा हाक आली की नेमका तिथून पुढे चाल, अशी सोय त्यांनी इटरेटरला दिली. पायथनने हाच ‘यील्ड’ २००१ साली, २.२ आवृत्तीत, आपलासा केला. अर्धवट काम सोडून उभं राहायचं आणि कोणी हटकलं की ते अजिबात न विसरता तिथूनच सुरू करायचं! हे माणसांना शिकवण्याचा प्रयत्न अनेक आयांनी केला आहे. लिस्कोव्हबाईंना २००८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो त्यांच्या एकूण कामासाठी, पण माझ्या मते एवढ्यावरही द्यायला हरकत नव्हती.

आणखी गंमत म्हणजे डेटाबेसच्या पोटातही हेच चालतं. गोएट्झ ग्रेफ यांच्या ‘व्होल्कॅनो’ या प्रणालीने, जिच्यावरचा निबंध १९९४ साली आला, ही रचना रूढ केली: उघडा, पुढची, बंद करा. गाळणारा जोडणाऱ्याला म्हणतो ‘पुढची’, जोडणारा टेबल वाचणाऱ्याला म्हणतो ‘पुढची’, आणि तळातला बापडा डिस्कवरून एक ओळ उचलून वर देतो. वाढप्याच्या मागे वाढपी, त्याच्या मागे आणखी एक. सगळं कसं ओघात चालतं. मग तुम्ही क्वेरीच्या शेपटाला ‘ऑर्डर बाय’ लावता. ‘जिलब्या द्या, पण मोठीपासून लहानीपर्यंत क्रमाने द्या.’ आता सगळ्यात मोठी कुठली हे कळायला आधी सगळ्या तळून झाल्या पाहिजेत. त्यामुळे पहिली जिलबी पानात पडण्यापूर्वी शेवटचीही कढईतून निघालेली असावी लागते. (त्या रकान्यावर इंडेक्स असेल तर सुटका होते, आचाऱ्याने मापाप्रमाणे आधीच रचून ठेवल्या, असं समजा.) आणि ‘ऑर्डर बाय’ लावलं नाही तर कुठलाही क्रम कबूल केलेला नसतो. तरी टेस्टर तक्रार नोंदवतातच, की काल देशपांडे वर होते आणि आज कांबळे वर आले.

इथवर सारं प्रामाणिक आहे. फसवणूक सुरू होते ती मधल्या ड्रायव्हरपाशी. तुम्ही जावात नीट लूप लिहिता, नेक्स्ट म्हणता, ओळ घेता, नेक्स्ट म्हणता. मनात समाधान असतं की आपण एकेक मागवतोय, मेमरीवर भार नाही. पण मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर, तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर, क्वेरी चालताक्षणी अख्खा निकाल उचलून तुमच्या मेमरीत आणून टाकतो. नंतर तुमच्या समाधानासाठी त्यातूनच एकेक काढून देतो. वाढपी नाजूक चिमट्याने एक जिलबी वाढतोय आणि त्याच वेळी सगळी कढई तुमच्या मांडीवर ठेवलेली आहे! पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचीही सवय तीच. ऑटोकमिट बंद करा आणि फेच साइझ ठरवून द्या, तेव्हा तो भानावर येतो. चाचणीत टेबलात पन्नास ओळी असतात, म्हणून कोणाला कळत नाही. प्रोडक्शनमध्ये दोन कोटी असतात, आणि कळायला सर्व्हर शिल्लक राहत नाही.

मायएसक्यूएलच्या या ड्रायव्हरला खरोखर एकेक ओळ द्यायला लावायचं असेल तर काय करायचं? फेच साइझ म्हणून इंटिजरची सगळ्यात लहान किंमत द्यायची. म्हणजे ‘एका वेळी एकच द्या’ हे सांगण्यासाठी ‘एका वेळी वजा २,१४,७४,८३,६४८ द्या’ असं मागायचं. ही थट्टा नाही, दस्तऐवजात लिहिलेली अधिकृत रीत आहे. शिवाय असं एकेक वाढणं सुरू झालं की ते संपेपर्यंत, किंवा बंद करेपर्यंत, त्या कनेक्शनवर दुसरं काही मागता येत नाही. जिलबी चालू असताना मठ्ठा मागितलात तर तुम्हालाच एरर.

ओरॅकलच्या जावा ड्रायव्हरची परात मुळात १० ओळींची. लाखभर ओळी हव्या असतील तर आत-बाहेर १० हजार खेपा. परात ५००ची केली की २००. एवढा एक आकडा बदलून रात्रभराचं काम चहा पिऊन होईपर्यंत आटोपतं. मग हा बदल करणारा माणूस अ‍ॅप्रेझलच्या फॉर्मात ‘कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ’ असं लिहितो, आणि त्यात खोटं काहीच नसतं.

पगारवाढीचा विषय निघालाच आहे तर १९७६ सालची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा डेटाबेस तयार होत होता. पॅट सेलिंजर आणि मॉर्टन अ‍ॅस्ट्राहन यांनी त्यावर एक साधी क्वेरी चालवली: ज्यांना २५ हजार डॉलरपेक्षा कमी पगार आहे त्या सगळ्यांना १० टक्के वाढ द्या. क्वेरी चालली, एकही एरर आली नाही. नंतर पाहिलं तर अख्ख्या टेबलात २५ हजारांच्या खाली कोणी उरलंच नव्हतं.

झालं असं होतं की कर्सर पगाराच्या इंडेक्सवरून, कमी पगाराकडून जास्तीकडे चालला होता. समोर २० हजारवाला आला. त्याला वाढ दिली, त्याचे झाले २२ हजार. इंडेक्स पगाराच्याच क्रमाने लावलेला, म्हणून हा गृहस्थ आपल्या जागेवरून उठून पुढे २२ हजारांच्या जागी जाऊन बसला. कर्सर तिथे पोचला, याला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, पगार २५च्या आत आहे एवढं पाहिलं आणि पुन्हा १० टक्के दिले. २४,२००. गृहस्थ पुन्हा पुढे. कर्सर पुन्हा भेटला. २६,६२०. आता कुठे त्याला मोकळं सोडलं. जितका पगार कमी तितक्या जास्त वेळा वाढ! कामगार चळवळीला जे सहजासहजी साधत नाही ते एका विसरभोळ्या कर्सरने मिनिटात करून टाकलं, आणि शास्त्रज्ञांनी त्याला बग ठरवलं.

ज्या दिवशी हे सापडलं तो हॅलोविनचा दिवस होता, म्हणून याचं नाव पडलं ‘हॅलोविन प्रॉब्लेम’. भुतांशी याचा काही संबंध नाही. पुण्यात सापडला असता तर त्याला नक्की ‘दिवाळी बोनस’ म्हटलं असतं. उपाय सोपा निघाला: आधी कोणाकोणाला द्यायचं त्याची यादी पूर्ण करा, मगच वाटायला घ्या. आजचे डेटाबेस हे आपलं आपण सांभाळतात. जावातल्या साध्या याद्या तर त्याहून कडक. लूप चालू असताना यादीत कोणी हात घातला की बहुतेक वेळा त्या एक्सेप्शन फेकून सगळा कारभारच थांबवतात. अशी पगारवाढ पुन्हा कोणाला मिळू नये याची काळजी आमच्या क्षेत्राने मनापासून घेतली आहे.

पानं उलटण्याचीही एक तऱ्हा सांगतो. वेबसाइटवर खाली १, २, ३ असे आकडे असतात, आणि कोणीतरी उगाच शेवटच्या पानावर जातं. मागे क्वेरीत ‘ऑफसेट’ असतो. त्याचा अर्थ ‘मला थेट १,००,००१वी जिलबी द्या’. वाढपी हो म्हणतो, आत जातो, आणि तुमच्यासमोर एक लाख जिलब्या एकेक करून टाकून देतो. मग पुढची अदबीने पानात ठेवतो. त्यापेक्षा ‘मघाशी शेवटची घेतली तिच्यानंतरची द्या’ म्हणणं शहाणपणाचं, इंडेक्स असेल तर तो नेमका तिथेच जातो. पण मग ‘शेवटचं पान’ हे बटण दाखवता येत नाही, आणि ते बटण ग्राहकाला हवंच असतं. ते तो कधी दाबत नाही, हे वेगळं.

आणि जेवून झाल्यावर ‘पुरे’ म्हणायचं असतं, हे कोण लक्षात ठेवतं? हवी ती ओळ मिळाली की लोक लूपमधून उडी मारून निघून जातात. वाढपी परात घेऊन तिथेच उभा. दुसऱ्या विनंतीला दुसरा वाढपी येतो, तोही उभा राहतो. संध्याकाळपर्यंत मांडवात जेवणारा कोणी नाही आणि वाढप्यांची गर्दी. ओरॅकल मग उघड्या कर्सरांची मर्यादा ओलांडल्याची ०१००० क्रमांकाची एरर देतं, आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या गृहस्थांचा फोन येतो. ते कधीच ओरडत नाहीत. ‘अहो, बंद करत जा ना,’ एवढंच म्हणतात, आणि त्यांच्या आवाजावरून कळतं की आज त्यांनी हे बऱ्याच जणांना सांगितलंय.

पण खरा छळ सुरू होतो तो ‘एकूण किती?’ या प्रश्नाने. वाढप्याला एकूण माहीत नसतं. त्यासाठी त्याला ठेवलेलंच नाही. माहीत नसतं म्हणूनच तो दोन कोटी ओळी एवढ्याशा मेमरीत वाढू शकतो. पायथनच्या डेटाबेस-करारात तर याची लेखी तरतूद आहे: कर्सरला ‘रोकाउंट’ विचारा, आणि त्याला ठरवता येत नसेल तर तो वजा १ सांगेल. एसक्यूलाइटला ‘सिलेक्ट’नंतर विचारून बघा. समोर ओळी दिसताहेत आणि हा सांगतो, एकूण वजा एक.

काही जण म्हणतात, मग आपणच मोजू. आधी एक लूप फिरवून मोजतात, समाधानाने आकडा लिहून घेतात आणि खरं काम करायला त्याच इटरेटरवर दुसरा लूप लावतात. तो एकदाही फिरत नाही. कुरकुर नाही, एरर नाही. सगळ्या जिलब्या मोजण्याच्या नादात फस्त झालेल्या असतात, आणि वाढपी हात पालथे करून उभा असतो. कोड मात्र हिरवी खूण दाखवून मोकळा होतो: शून्य ओळींवर प्रक्रिया यशस्वी.

तरीही एकूण लागतंच, कारण मॅनेजरला टक्केवारी हवी असते. आमच्याकडे जुन्या ऑर्डरी नव्या प्रणालीत हलवायचं काम निघालं तेव्हा त्यांना पडद्यावर पट्टी हवी होती, भरत जाणारी. मग आधी ‘काउंट’ची क्वेरी चालवली. पोस्टग्रेसमध्ये ती क्वेरीही सगळ्या ओळींवरून चालत जाते, त्यामुळे मोजायलाच बराच वेळ लागला. तोवर दुकान काही बंद नव्हतं, लोक ऑर्डरी देतच होते. मोजणी संपल्यावर खरा कर्सर उघडला, आणि तो अर्थातच आधीच्या मोजणीपेक्षा जास्त ओळी घेऊन आला. पट्टी ९८ झाली, ९९ झाली, १०० झाली, आणि थांबेना. शेवटी १०३वर जाऊन स्थिरावली.

मॅनेजर मागे उभे होते. चष्मा वर करून त्यांनी आकडा दोनदा वाचला.

‘हे तीन टक्के जास्तीचे कोणाला विचारून केलेत? क्लायंट शंभरचेच पैसे देतो.’